आजारपण हा क्रूस आहे की भोग? : एक प्रश्न आणि त्यावरील उत्तरे

प्रश्न : जालना तालुक्यातील एक भगिनी

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या घरात ख्रिस्ती विश्वासाची ही चौथी पिढी आहे. माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे तीन वर्षांपूर्वी निकामी झाली आणि तेव्हापासून दर मंगळवारी व शुक्रवारी मी त्यांना डायलिसिससाठी शहरात घेऊन जाते. मशीनचा खर्च शासकीय आरोग्य योजनेतून भागतो; परंतु एसटीचे भाडे, बाहेरून आणावी लागणारी इंजेक्शने आणि त्या दोन दिवसांची बुडालेली मजुरी यांची भरपाई कोणत्याच योजनेतून होत नाही. त्यांना दिवसभरात एक लिटरहून कमी पाणी प्यायचे असते. चैत्र लागला की आमच्याकडे ऊन कसे असते, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. रांजणावरचे झाकण सरकवल्याचा आवाज आला तरी ते तिकडे पाहतात आणि मग मान फिरवून घेतात. ते पाहून मलाही त्यांच्यासमोर पाणी पिणे जड जाते.

मला दोन ठिकाणांहून दोन उपदेश मिळाले आणि दोहोंनी माझे मन अस्वस्थ केले आहे. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) वडीलधारे म्हणतात, ‘हा देवाने तुम्हांला दिलेला क्रूस आहे, कुरकुर न करता वाहा.’ गेल्या पावसाळ्यात बाहेरगावचा एक प्रार्थनागट घरी आला होता. त्यांनी हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितले की, ख्रिस्ताने आपले सर्व रोग क्रुसावर वाहिले आहेत, त्यामुळे आजार उरला असेल तर विश्वास कमी आहे. मशीनवर जाणे म्हणजे त्या प्रार्थनेवर अविश्वास दाखवणे. आम्ही एक फेरी चुकवली. तिसऱ्या रात्री त्यांच्या पायांवर सूज चढली, दम लागला आणि मध्यरात्री जीपमध्ये घालून त्यांना न्यावे लागले. ते वाचले, परंतु त्या रात्रीनंतर ते प्रार्थनेला बसत नाहीत. ‘मी असे कोणते पाप केले?’ एवढेच विचारतात आणि मला उत्तर सुचत नाही.

माझा प्रश्न असा आहे : आजार हा खरोखर क्रूस आहे का? असेल, तर बरे होण्याची इच्छा धरणे म्हणजे क्रूस टाकून देणे ठरते का? आणि नसेल, तर मग हे सगळे आम्ही कशासाठी सोसत आहोत? या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते चार ही त्यांची मशीनची पाळी आहे, म्हणजे मंडळीत प्रभूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांची उपासना चालू असेल नेमक्या त्याच वेळी आम्ही तिथे नसू. त्याचीही मनाला टोचणी लागली आहे.

उत्तर : अंबड येथील एक निवृत्त शिक्षक

ताई, सलाम. मी पाळक नाही. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि जवळजवळ तितकीच वर्षे, पाळकसाहेब नसतील त्या रविवारी, वचन वाचून चार शब्द बोलत आलो. त्या अनुभवावरून सांगतो.

आपल्या भाषेत एक शब्द फार जुना आहे : भोग. ‘भोग आहेत, भोगून संपवायचे’, असे आपल्या आज्या म्हणत आणि आपल्या घरांत प्रभू आला तरी तो शब्द घराबाहेर गेला नाही; त्याने फक्त कपडे बदलले आणि ‘क्रूस’ हे नाव घेतले. भोग न मागता येतो, मागच्या कशाचा तरी हिशेब म्हणून येतो आणि त्यापुढे मान खाली घालण्याशिवाय माणसाला काही करता येत नाही. क्रुसाचे तसे नाही. मार्काच्या आठव्या अध्यायात प्रभू क्रूस ‘उचलून घ्यावा’ असे म्हणतो. उचलायचा की नाही, हे ज्याच्या हाती आहे त्यालाच असे सांगता येते. ते शब्द कोणत्या वेळी उच्चारले गेले तेही पाहा. आपल्याला जिवे मारतील असे प्रभूने नुकतेच उघडपणे सांगितले होते, आणि त्याचा शिष्य पेत्र याने त्याला बाजूला घेऊन दटावले होते. म्हणजे तिथे चर्चा आजाराची नव्हती. येशूच्या मागे उघडपणे चालण्याची जी किंमत जगात चुकवावी लागते तिची होती.

आपल्या पवित्र शास्त्रात ‘वधस्तंभ’ हा शब्द आहे आणि गाण्यांत व बोलण्यात आपण ‘क्रूस’ म्हणतो. मला ‘वधस्तंभ’ जवळचा वाटतो, कारण त्यातला ‘वध’ लपत नाही. रोमी राज्यात ही शिक्षा प्रामुख्याने गुलामांना आणि बंडखोरांना दिली जात असे. इसवी सनापूर्वी ७१ साली गुलामांचे बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने सहा हजार माणसे अशी टांगली होती. शिक्षा झालेल्या माणसाला आडवे लाकूड स्वतःच्या खांद्यावर वाहून न्यावे लागे. प्रभूचे ऐकणाऱ्या गालीली लोकांना क्रूस म्हणजे गळ्यातला दागिना ठाऊक नव्हता. सरकारने लोकांसमोर केलेली विटंबना ठाऊक होती. म्हणून लूकने त्याच वाक्यात ‘दररोज’ हा शब्द लिहिला, तेव्हा त्यालाही दररोजची डोकेदुखी अभिप्रेत नसावी. आपला मान, आपला लाभ आणि आपली सुरक्षितता रोज सकाळी नव्याने सोडण्याची तयारी, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आता आजाराबद्दल. चारही शुभवर्तमाने काढून पाहा. प्रभूने एकाही रोग्याला ‘हा तुझा क्रूस आहे, तो घेऊन घरी जा’ असे सांगितलेले नाही. पक्षघाती माणसाला त्याने जे उचलायला सांगितले ती बाज होती, आणि तीही बरे केल्यावर. तेव्हा बरे होण्याची इच्छा धरणे, औषध घेणे, मशीनवर जाणे यांत क्रूस टाकणे नाही. अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः ‘हा प्याला टळून जावो’ अशी विनंती केली. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतावणारी एक पीडा, दूर व्हावी म्हणून तीनदा विनवणी केली; तो काटा गेला नाही, परंतु ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे उत्तरही त्याला मिळाले नाही. ज्यांनी तुमच्या यजमानांना तसे सांगितले त्यांनी पौलापेक्षा मोठा विश्वास स्वतःपाशी असल्याचे गृहीत धरले, असे मला खेदाने म्हणावे लागते.

आणि ‘कोणते पाप केले?’ याविषयी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा आमच्या मंडळीतून कपडे आणि धान्य घेऊन जे गेले त्यांत मी होतो. सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली होती. तिथेही, आणि परतल्यावर आमच्याच उपासनेत, ‘देवाने शिक्षा केली’ असे म्हणणारे लोक भेटले. मी तेव्हा लूकचा तेरावा अध्याय वाचून दाखवला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. ती इतरांहून अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय, असा प्रश्न करून प्रभूने त्याचे उत्तर स्वतःच ‘नाही’ असे दिले. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे?’ असे विचारले, तेव्हाही त्याने तो हिशेब नाकारला. हे दोन उतारे यजमानांना वाचून दाखवा. त्यांना ऐकावेसे वाटेल तेव्हाच वाचा, घाई नको.

उत्तर : वैजापूर भागातील एक धर्मभगिनी, व्यवसायाने परिचारिका

गुरुजींचे उत्तर मी दोनदा वाचले. भोग आणि क्रूस यांतला भेद त्यांनी फार नेमका दाखवला आहे आणि तो मी आमच्या नवशिक्या मुलींना सांगणार आहे. मात्र एका ठिकाणी मला थोडे वेगळे वाटते. आजार हा आपोआप क्रूस होत नाही, हे खरे; परंतु आजारी माणूस आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाला जोडू शकतो, असे आमची कॅथलिक परंपरा मानते. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल आपल्या यातनांविषयी असेच बोलतो, आणि तो ते तुरुंगातून लिहितो. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर पावणेतीन वर्षांनी, ११ फेब्रुवारी १९८४ रोजी, त्यांनी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक पत्र लिहिले. त्या पत्राचा शेवटचा भाग प्रभूच्या दाखल्यातील, वाटेवरच्या जखमीला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोनी माणसावर आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. जखमी माणसाने आपली वेदना अर्पण करावी, हे सांगून ते थांबत नाहीत. वाटेने जाणाऱ्याने खाली उतरून तेल आणि पट्टी घ्यावी, हेही तितक्याच जोराने सांगतात. पहिले वाक्य आजाऱ्याने स्वतःविषयी बोलायचे असते. निरोगी माणसाने ते आजाऱ्याला ऐकवू नये. खाटेवरचा माणूस मला म्हणाला, ‘सिस्टर, हे मी प्रभूला दिले आहे’, तर मी त्याचा हात हातात घेते. परंतु मीच त्याला ‘हे प्रभूला द्या’ असे सांगून इंजेक्शन उशिरा दिले, तर ते पाप माझे आहे.

वेदनाशामक घेतल्याने प्रार्थनेचे मोल कमी होते का, असे मला रुग्ण विचारतात आणि प्रभूने गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला याचा दाखला देतात. १९५७ साली भूलतज्ज्ञांनी हाच प्रश्न पोप पायस बारावे यांच्यापुढे ठेवला होता. वेदना दूर करण्यासाठी औषध घेणे योग्य आहे, आणि वेदना सोसत राहण्याचे बंधन ख्रिस्ती माणसावर नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तो नाकारलेला पेला खिळे ठोकण्यापूर्वीचा होता. शेवटी, योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात, ‘मला तहान लागली आहे’ असे प्रभू म्हणाला आणि आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज त्याच्या ओठांना लावला तेव्हा तो त्याने घेतला.

ताई, तुमच्या पत्रातील रांजणाचा उल्लेख वाचून मला हाच उद्गार आठवला. सात उद्गारांपैकी हा पाचवा, आणि उपदेशक बहुधा त्याचा ‘आत्म्यांची तहान’ असा अर्थ लावून पुढे जातात. पण ती आधी शरीराची तहान होती. रक्त गेलेले, रात्रभर झोप नाही, दुपारचे ऊन. ज्या देवावर आपला विश्वास आहे त्याने पाणी मागितले आहे. तुमच्या यजमानांना डायलिसिसचा रुग्ण म्हणून जी तहान लागते ती त्याला परकी नाही, एवढे मी खात्रीने सांगते. त्याहून मोठे काही सांगण्याचा माझा अधिकार नाही.

आता कामाचे सांगते. सकाळीच दिवसाचे पाणी एका बाटलीत मोजून भरा, आणि त्यातलेच थोडे लहान साच्यात गोठवून ठेवा. एक खडा तोंडात बराच वेळ टिकतो आणि घोटापेक्षा अधिक समाधान देतो. चूळ भरायला बंदी नाही, फक्त ती गिळू नये. मीठ, पापड, लोणचे जितके कमी तितकी तहान कमी. ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) आहे त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, त्याने वजन उचलू देऊ नका, आणि रोज सकाळी बोट ठेवून थरथर लागते का ते पाहा. लागली नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि फेरी पुन्हा कधीही चुकवू नका, कोणीही कितीही मोठ्या आवाजात प्रार्थना केली तरी.

उत्तर : बीड जिल्ह्यातील एक युवक

वडीलधाऱ्यांची क्षमा मागून एक गोष्ट मांडतो. क्रुसाचा उपदेश कोण कोणाला करतो, याकडे लक्ष द्यायला हवे. आमच्या भागातील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. एक ख्रिस्ती बहीण, नवऱ्याची मारहाण असह्य झाल्यामुळे, फडावरून माहेरी परत आली, तेव्हा तिला ‘हा तुझा क्रूस आहे’ असे सांगून परत पाठवणारे आमच्याच मंडळीतले होते. तिच्या नवऱ्याला त्यांपैकी कोणीही काही सांगितले नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातील अन्याय सोसण्याविषयीची वचने तिला वाचून दाखवण्यात आली. परंतु ती वचने ज्या गुलामांना लिहिली होती त्यांना मालकाचे घर सोडण्याचा मार्गच नव्हता, हे कोणी सांगितले नाही. १५१८ साली हायडेलबर्ग येथे मार्टिन ल्यूथर यांनी म्हटले होते की, क्रुसाच्या मार्गाने विचार करणारा माणूस वस्तूला तिच्या खऱ्या नावाने संबोधतो. मारहाणीचे खरे नाव मारहाण आहे. तिला क्रूस म्हटले की मारणाऱ्याचा हात पवित्र होतो.

आमचे पणजोबा गावकुसाबाहेर राहत होते. त्यांना क्रुसावरचा प्रभू आपला वाटला तो, माझ्या समजुतीप्रमाणे, तो ‘सोसा’ म्हणाला म्हणून नव्हे. तोही वेशीबाहेर नेऊन मारला गेला होता म्हणून. आणि खरा क्रूस कसा दिसतो तेही आमच्या घरांत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती झालेल्यांचा झाला नाही. अर्ज भरताना धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिले की काय जाईल हे माझ्या वडिलांना पुरते माहीत होते, तरी त्यांनी तेच लिहिले. गुरुजी म्हणतात तसे, त्यांनी ते उचलले. तो नियम न्याय्य आहे असे ते कधीच म्हणाले नाहीत, आणि तो बदलावा म्हणून निघालेल्या मोर्चांत ते चाललेही. क्रूस वाहणे आणि अन्यायाविरुद्ध बोलणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. मलाही दिसत नाही.

पुन्हा प्रश्नकर्त्या भगिनी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मी जन्मांध माणसाचा उतारा यजमानांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, परंतु मी पुस्तक बंद करू लागले तेव्हा त्यांनी ‘पुन्हा वाच’ असे म्हटले.

तरी माझ्या प्रश्नाचा शेवटचा भाग तसाच आहे आणि तो मी आता अधिक स्पष्टपणे विचारते. त्यांचा आजार भोग नाही, शिक्षा नाही, आणि गुरुजींच्या अर्थाने क्रूसही नाही. मग तो काय आहे? ‘क्रूस’ या शब्दाने निदान त्याला काही अर्थ होता. तो काढून घेतल्यावर माझ्या हातात उरते ती आठवड्यातून दोन दिवसांची एसटी आणि रात्री कण्हण्याचा आवाज.

उत्तर : अंबड येथील निवृत्त शिक्षक

ताई, हा प्रश्न मी चुकवणार नाही, परंतु त्याचे उत्तर माझ्यापाशी पूर्ण नाही.

माझी पत्नी कर्करोगाने गेली, त्याला आता अकरा वर्षे झाली. शेवटच्या दोन महिन्यांत घरी खूप लोक आले आणि बहुतेकांनी तिच्या दुःखाला काही ना काही अर्थ दिला. पवित्र शास्त्रातील ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी पहिले सात दिवस जमिनीवर बसून एक शब्दही काढला नाही, तेवढेच त्यांनी बरे केले. बोलू लागले आणि शेवटी देवाने त्यांनाच ठपका दिला. त्या दिवसांत मला ते पुस्तक समजले. तिच्या आजाराचे ‘कारण’ मला आजपर्यंत सापडलेले नाही आणि आता मी ते शोधतही नाही. परंतु एके रात्री ती म्हणाली, ‘त्यानेही “का?” असे विचारले होते ना?’ ती बाविसाव्या स्तोत्राविषयी बोलत होती. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केला?’ हे वाक्य प्रभूने क्रुसावरून मोठ्याने म्हटले, आणि मार्काने लिहिले आहे त्याप्रमाणे त्या प्रश्नाला त्या दुपारी वरून काहीही उत्तर आले नाही. तुमचे यजमान प्रार्थनेला बसत नाहीत असे तुम्ही लिहिले होते, परंतु ‘का?’ असे ते रोज विचारतात. क्रुसावर जी प्रार्थना म्हटली गेली ती याच जातीची आहे. तेव्हा ते प्रार्थना करत नाहीत असे मला वाटत नाही.

आजार क्रूस नाही, हे मी अजूनही म्हणतो. तुमच्याविषयी मात्र मला दुरुस्ती करायची आहे, कारण मागच्या उत्तरात मी फक्त आजाऱ्याचा विचार केला आणि तुमचा राहून गेला. त्यांचा आजार तुमच्यावर आलेला नाही. तुम्ही तीन वर्षे दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो जाणून उचलत आहात. माहेरी निघून जाणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण तुम्ही गेला नाहीत. प्रेमासाठी स्वखुशीने उचललेल्या ओझ्याला प्रभूने जो शब्द वापरला तो इथे मला वापरावासा वाटतो.

म्हणूनच तुमच्या मंडळीने तुम्हांला ‘क्रूस वाहा’ एवढे सांगून थांबणे मला पटत नाही. कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता आणि शिपायांनी त्याला प्रभूचा क्रूस वाहण्यासाठी वेठीला धरले. तो काही भक्तिभावाने पुढे झाला नव्हता. तरी मार्क त्याच्या मुलांची नावे लिहितो, आलेक्सांद्र आणि रूफ. याचा अर्थ मार्काच्या वाचकांना ती मुले ओळखीची असावीत. देवाच्या पुत्राचे लाकूडही दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर द्यावे लागले, मग तुमचे तुम्ही एकटीने शेवटपर्यंत न्यावे असे कोणते वचन सांगते? ‘एकमेकांची ओझी वाहा’ असे सांगणारा गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय पाळकसाहेबांपुढे उघडून ठेवा आणि दोन माणसे मागा. लाजू नका.

प्रश्नकर्त्या भगिनी

पाळकसाहेबांशी बोलले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की, तीन वर्षांत आम्ही विचारायला हवे होते. मंडळीतील चार घरांनी मंगळवार वाटून घेतले आहेत. शुक्रवारी मी स्वतः जाईन, कारण मला जायचे आहे.

उत्तम शुक्रवारी मंडळीचे एक वृद्ध सेवक, जे दरवर्षी पाचव्या उद्गारावर बोलतात, त्यांनी या वर्षी आपली पाळी दुसऱ्याला दिली आहे. ते आमच्याबरोबर रुग्णालयात येऊन बसणार आहेत. यजमानांनी त्यांना एकच अट घातली आहे की, उपदेश करायचा नाही. त्यांनी ती मान्य केली आहे. सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे बर्फाचे खडे मी थर्मासमध्ये नेणार आहे.